कळफलकाची उजवी कड



आज मी आपणांपुढें ज्या विषयावर बोलणार आहें तो पाहिला तर अगदीं लहान आहे. हातांत मावणाऱ्या संगणकाला, म्हणजे आपल्या मोबाईलला किंवा पाटीएवढ्या टॅब्लेटला, जोडावयाचा सुटा कळफलक कसा निवडावा, एवढाच तो विषय. इंग्रजींत लिहिणाराला हा प्रश्न फारसा अडवीत नाहीं. त्यानें दुकानांत जावें, रंग पाहावा, किंमत पाहावी आणि घेऊन यावें. परंतु ज्याला मराठींत लिहावयाचें आहे त्यानें त्याच दुकानांत, त्याच वस्तूकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे, हें मला दोन हजार रुपये आणि तीन महिने खर्चून समजलें. तो खर्च आपला वांचावा म्हणून मी बोलतों आहें.

मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली, छत्तीस वर्षें श्रीरामपूरच्या आसपासच्या शाळांतून मुलांना बाराखडी आणि शुद्धलेखन शिकविलें आणि निवृत्त झालों. यंत्रांची मला हौसहि नाहीं. मी या गोष्टीकडे वळलों तो चार वह्यांमुळें.

माझ्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. तिचें आयुष्य प्रवरेच्या कालव्याखालच्या ऊंसांत आणि पहाटेच्या जात्यापाशीं गेलें. पुढें गिरणी जवळ आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें, त्या सुमारास, म्हणजे १९८२-८३ सालीं, मीं तिच्या पुढ्यांत बसून त्या ओव्या शिसपेन्सिलीनें चार वह्यांत उतरून घेतल्या. शाईनें घेतल्या असत्या तर बरें झालें असतें. पण त्या वेळीं हाताशीं पेन्सिल होती. आतां आई नाहीं, आणि तीं शिसाचीं अक्षरें दरवर्षीं थोडीं थोडीं पुसट होत आहेत. कांहीं पानें उजेडाकडे तिरपीं धरलीं तरच वाचतां येतात. वह्या पुन्हां उतरून काढावयाच्या असें ठरविलें, तों माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. ज्या हातानें इतकीं वर्षें फळ्यावर वळणदार अक्षर काढलें त्या हाताची वेलांटी आतां शेजारच्या शब्दावर जाऊन बसते. पेन धरणें नको झालें. कळा दाबणें मात्र जमे, कारण कळ दाबतांना बोटाला वळण गिरवावें लागत नाहीं. ठिकाण सांपडलें कीं पुरे.

प्रथम मीं मोबाईलच्या कांचेवरच बोट चालवून पाहिलें. कांच सपाट असते. बोट कोठें टेंकलें हें बोटाला कळत नाहीं, डोळ्यांना पाहावें लागतें. वही एकीकडे, कांच दुसरीकडे आणि दृष्टि दोहोंमध्यें हेलपाटे घालते. त्यांत हाताला कंप असला म्हणजे ‘त’ च्या जागीं शेजारचें अक्षर उमटतें. पण याहून मोठी अडचण निराळीच होती. आई ‘पाणी’ म्हणत नसे, ‘पानी’ म्हणे. ‘होतं’ म्हणत नसे, ‘व्हतं’ म्हणे. मीं वहींत तसेंच लिहून ठेवलें होतें. मीं मोबाईलवर ‘पानी’ लिहावें आणि पुढच्या शब्दाला हात घालतांच त्याचें ‘पाणी’ व्हावें! छत्तीस वर्षें मीं मुलांच्या वह्यांतल्या ‘पानी’वर तांबड्या शाईची रेघ ओढली, आणि आतां तीच रेघ कोणीतरी माझ्या आईच्या तोंडच्या शब्दावर ओढीत होतें. मला राग आला. आणि त्या रागाचा कांहीं भाग माझ्या स्वतःच्या वांट्याला आला, हें येथें कबूल करतों.

शब्द सुधारण्याची ही खोड बंद करतां येते. नातवानें ती बंद करून दिली. पण बोट चुकण्याचें थांबेना. मग बोलून लिहिण्याची सोय पाहिली. मीं ओवी म्हणावी आणि यंत्रानें तिचें कांहींतरी भलतेंच प्रमाण मराठी वाक्य करून ठेवावें. माझी पत्नी म्हणाली, “हें शहरांतल्या नव्या सुनेसारखें आहे, सासूबाईंचें बोलणें त्याला कळत नाहीं, आणि कळलें नाहीं असें तें कबूलहि करीत नाहीं.” तेव्हां कळफलक घ्यावयाचा असें ठरलें.

नातू पुण्यास शिकतो. त्याच्याजवळ घडीचा कळफलक आहे. पुस्तकासारखा मिटतो, मिटला म्हणजे चष्म्याच्या घराहून थोडा मोठा दिसतो, आणि उघडून मोबाईलपुढें ठेवला कीं मुलगा इंग्रजींत असा भराभर लिहितो कीं पाहात राहावें. तसाच एक मीं आमच्या बाजारपेठेंतून मागविला. दोन हजारांच्या आंतबाहेर पडला. पहिल्या दिवशीं आनंद झाला, दुसऱ्या दिवशीं शंका आली आणि आठवड्यानें तो मिटून कपाटांत ठेवला. दुकानदार परत घेईना. त्याचें म्हणणें, यंत्रांत दोष नाहीं. आणि मला आतां वाटतें कीं तो खरेंच बोलत होता. यंत्रांत दोष नव्हता. इंग्रजीसाठीं तें निर्दोष होतें.

याचें कारण नीट सांगितलें पाहिजे, कारण साऱ्या निवडीचें मर्म त्यांत आहे. इंग्रजीचीं अक्षरें सव्वीस. कळफलकाच्या तीन ओळींत तीं सुखानें मावतात, आणि उजव्या कडेच्या कळांवर विरामचिन्हें, कंस, तिरक्या रेघा अशा क्वचित् लागणाऱ्या खुणा उरतात. कळफलक लहान करावयाचा झाला म्हणजे बनविणारा पहिली कात्री या कडेला लावतो. इंग्रजी लिहिणाराला तें जाणवतहि नाहीं. परंतु मराठीसाठीं सरकारमान्य अशी जी मांडणी आहे, जिला इनस्क्रिप्ट म्हणतात, तींत इंग्रजी अर्धविरामाच्या कळेवर ‘च’ आहे. त्याच्या शेजारीं अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’. वरच्या ओळींत ‘पी’च्या पलीकडे जो चौकटी कंस असतो त्यावर ‘ड’. खालच्या ओळीच्या अखेरीस जी तिरकी रेघ असते तिच्यावर ‘य’. शिफ्ट दाबली कीं पहिल्या तिघांचे अनुक्रमें ‘छ’, ‘ठ’ आणि ‘ढ’ होतात. अंकांच्या ओळीच्या शेवटीं बरोबरचें चिन्ह असतें. शिफ्ट न दाबतां त्यावर ‘कृष्ण’ शब्दांतला ऋकार मिळतो. आणि उलट्या तिरक्या रेघेची जी कळ, तिच्यावर ‘डॉक्टर’ शब्दांतला अर्धचंद्रासह काना. म्हणजे इंग्रजीचा जो परसू, तेथें मराठीचें भरलें घर आहे.

आमच्या गांवाची गोष्ट कांहीशी अशीच आहे. दौंड-मनमाड मार्गानें श्रीरामपूरला यावयाचें तर स्टेशनवर पाटी दिसते ती ‘बेलापूर’ अशी. नवखा माणूस ती वाचून डब्यांत बसून राहतो आणि श्रीरामपूर मागें पडतें. कळेवरच्या पाटीवर अर्धविराम छापला आहे म्हणून ती कळ बिनमहत्त्वाची समजूं नये; आपला ‘च’ तेथेंच उतरावयाचा असतो.

माझ्या घडीच्या कळफलकावर अर्धविराम आणि अवतरणचिन्ह यांना निम्म्या रुंदीच्या कळा दिल्या होत्या, आणि चौकटी कंस तर ‘ओ’ आणि ‘पी’ यांच्याच पोटांत घातले होते. ‘ड’ काढावयाचा तर एका हातानें फंक्शनची कळ दाबून दुसऱ्यानें ‘ओ’ दाबावयाचा. आणि ‘ढ’ काढावयाचा तर फंक्शन, शिफ्ट आणि ‘ओ’ अशा तीन कळा एकदम. थरथरत्या हाताला हें कसें साधावें? आणि ओव्यांत तर वाडा, घोडा, गडणी, लाडका, मांडव यांवांचून पान हलत नाहीं. दुसरी गोष्ट, घडीमुळें मधोमध फट होती. त्या फटीच्या कांठावर इंग्रजी ‘वाय’ आणि ‘बी’ या कळा येतात. इनस्क्रिप्टमध्यें त्यांवर ‘ब’ आणि ‘व’ आहेत. त्यांपैकीं एक कळ बोटाला सांपडावयाची त्या बाजूस नसून पलीकडच्या बाजूस होती. नातवाला हेंहि जाणवलें नव्हतें. तो दोनच बोटांनीं लिहितो.

येथें कोणी विचारील, ही मांडणी कोणीं ठरविली, आणि ती पाळण्याची सक्ति कां? सक्ति नाहीं, पण ती कां पाळावी हें सांगतों. माझीं बोटें मूळचीं रेमिंग्टनचीं आहेत. मॅट्रिक झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मीं टंकलेखनाच्या वर्गांत जाऊन मराठीची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली होती. रेमिंग्टन हा अमेरिकेंतील मूळचा बंदुका करणारा कारखाना; १८७४ च्या सुमारास त्यानें टंकयंत्रें विकावयास आणलीं, आणि तें नांव आपल्या कचेऱ्यांत इतकें रुजलें कीं मराठी टंकलेखनाच्या मांडणीलाहि तें चिकटून बसलें. त्या यंत्रावर अक्षर जसें दिसतें तसें ठोकावयाचें असे. ‘कि’ लिहावयाचा तर आधीं वेलांटी आणि मग ‘क’. कित्येक अक्षरें अर्धींच असत. त्यांना मागून काना देऊन पुरें करावयाचें. यंत्राच्या मर्यादेला लिपि वांकवावयाची, अशी ती तऱ्हा होती.

आपल्या लिपीनें असें वांकणें पुष्कळ सोसलें आहे. छापखान्यांतील देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटींत लोकमान्य टिळक स्वतः पडले होते. सावरकरांनीं ‘अ’ला वेलांट्या-उकार लावून इ-ईचें काम भागवावें असें सुचविलें, आणि कांहीं मासिकांनीं तशी बाराखडी छापलीहि. त्या सर्वांचा हेतु चांगला होता. यंत्रच तोकडें होतें. संगणकानें ही स्थिति उलटी केली. अक्षराचें रूप कसें दिसावें हें आतां टंक, म्हणजे फॉन्ट, पाहतो. लिहिणारानें फक्त वर्ण कोणत्या क्रमानें आले तें सांगावयाचें. आधीं ‘क’, मग वेलांटी, जसें आपण उच्चारतों तसें. जोडाक्षर हवें तर मध्यें हलन्त. इनस्क्रिप्टची रचना याच तत्त्वावर आहे. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें ती पुढें मांडली आणि १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून ती कायम झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें जें काम कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालें तें पुढें आपल्या पुण्यांत, १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेंत वाढलें. त्यांत मोहन तांबे यांचा वांटा मोठा आहे.

वर्णमाला शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला ही मांडणी पाहून समाधान वाटेल. बहुतेक स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. म्हणजे अल्पप्राण साधा आणि महाप्राण जोर देऊन. मात्रा साधी, तर स्वतंत्र स्वर शिफ्टनें. उजव्या हाताचीं चार बोटें ज्या ओळीवर विसावतात तेथें ‘र’, ‘क’, ‘त’, ‘च’ हीं अक्षरें असतात. मी तीं ‘रक्तच’ म्हणून पाठ केलीं. बंगाली, गुजराथी, कानडी, तेलुगु या लिप्यांनाहि हीच मांडणी लागू आहे. रेमिंग्टनची संवय मोडावयास मला सहा आठवडे लागले. ज्याला पूर्वीची संवय नाहीं त्याला इतके लागूं नयेत. मात्र ज्याचा हात रेमिंग्टनवर पक्का बसला आहे आणि ज्याला रोज पानेंच्या पानें काढावयाचीं आहेत, त्यानें ती सोडावी असा माझा आग्रह नाहीं. ती मांडणीहि संगणकावर मिळते. आणि उजव्या कडेची गरज तिलाहि तितकीच आहे.

तिसरा मार्ग रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याचा. तरुण मंडळी सर्रास तोच धरतात. दोन ओळींच्या निरोपाला तो ठीक आहे, आणि तेवढेंच लिहिणें असेल तर आपण कोणताहि कळफलक घ्या, माझें हें भाषण आपल्यासाठीं नाहीं. परंतु त्या पद्धतींत यंत्र बहुधा अंदाज करतें. ‘त’ कीं ‘ट’, ‘न’ कीं ‘ण’, ‘ल’ कीं ‘ळ’, हें तें आपल्या अक्षरांवरून ताडतें आणि जो शब्द त्याच्या कोशांत आहे तो पुढें करतें. आईचा ‘पानी’ तेथें पुन्हां ‘पाणी’ होतो. शिवाय मराठी शब्द मनांत आला असतां तो आधीं रोमन वेषांत उभा करावयाचा आणि मग त्याचें मराठी व्हावयाचें, ही द्राविडी प्राणायामाची तऱ्हा माझ्या वयाला मानवत नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवडीकडे वळूं. दुकानांत गेल्यावर कळफलकाच्या उजव्या कडेपासून पाहावयास सुरुवात करावी. ‘पी’च्या पुढें दोन कंसांच्या सुट्या कळा आहेत काय? ‘एल’च्या पुढें अर्धविराम आणि अवतरणचिन्ह पूर्ण रुंदीचीं आहेत काय? तिरक्या रेघेची कळ आपल्या जागीं आहे, कीं बाणाच्या कळांनीं तिला ढकलून दिलें आहे? मग खिशांतून सेंटिमीटरची पट्टी काढावी. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें. ‘क्यू’च्या मध्यापासून ‘पी’च्या मध्यापर्यंत अंतर मोजावें. मोठ्या, घरगुती कळफलकावर तें सुमारें सतरा सेंटिमीटर भरतें, कारण एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत एकोणीस मिलिमीटर ठेवण्याचा प्रघात आहे. सोळा भरलें तरी चालेल. चौदा भरलें तर तो लहान मुलाच्या बोटांसाठीं आहे असें समजावें. कळा दाबून पाहाव्या. बोट थोडें खालीं जाऊन थांबलें पाहिजे. कांहीं फार पातळ कळफलक कांचेसारखेच निबर असतात, आणि मग कांच सोडून त्यांकडे आल्याचा उपयोग काय?

यानंतर आपला स्वतःचा मोबाईल तेथेंच त्याला जोडून मराठी वाक्य लिहून पाहावें, दुकानाच्या मोबाईलवर नव्हे. ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. मोबाईलच्या कांचेवर मराठी अक्षरें उमटतात म्हणून बाहेरच्या कळफलकावरूनहि तीं उमटतीलच असें नाहीं. कांचेवरचा कळफलक निराळा आणि बाहेरून जोडलेल्या कळफलकाची मांडणी निराळी. कांहीं मोबाईलांत बाहेरच्या कळफलकासाठीं देवनागरी मांडणी निवडण्याची सोय असते, कांहींत ती नसते आणि त्यासाठीं वेगळें साधन उतरवून घ्यावें लागतें. माझ्या पहिल्या दिवशीं मी ‘क’ दाबीत होतों आणि इंग्रजी ‘के’ उमटत होता. अर्धा दिवस मीं कळफलकालाच दोष दिला. परीक्षेसाठीं मीं एक वाक्य रचलें आहे. त्यांत अर्थ शोधूं नये, कळा शोधाव्या: ‘यंदा चुलत्यांच्या टोपींत डॉक्टरांनीं दुसऱ्या तऱ्हेचें कृष्णकमळ ठेवलें.’ यांत य, च, ट, ड, ऑकार, ऋकार, ळ आणि दुसऱ्या-तऱ्हेमधला तो खास मराठी ‘ऱ’, असे सारे हट्टी पाहुणे एका पंक्तीला बसविले आहेत. हें वाक्य फंक्शनच्या कळेला हात न लावतां लिहितां आलें तर तो कळफलक मराठीच्या कामाचा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें हें वाक्य आपल्या टंकलेखनाच्या वर्गांत भिंतीवर लावलें आहे, आणि नवे विद्यार्थी ‘हे डॉक्टर कोण?’ म्हणून विचारतात असें कळतें.

या विद्यार्थ्यानेंच माझा प्रश्न प्रथम सोडविला, आणि तोहि फुकट. त्याच्या वर्गांत संगणकाचा एक जुना, तारेचा, पूर्ण आकाराचा कळफलक पडून होता. तो त्यानें मला दिला आणि म्हणाला, “सर, याला मोबाईलशीं जोडणारी एक लहानशी जोडणी घ्या.” ओटीजी नांवाची ती बोटाएवढी वस्तु मला शेंदीडशें रुपयांत मिळाली. एक टोक मोबाईलच्या चार्जिंगच्या तोंडांत, दुसऱ्यांत कळफलकाची तार, कीं झालें. बॅटरी नाहीं, जोडणीचा घोळ नाहीं. कळफलक लागणारी थोडीशी वीज मोबाईलकडूनच घेतो. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्याला घरीं एका जागीं बसून लिहावयाचें आहे त्यानें ‘पोर्टेबल’ या शब्दाच्या मोहांत पडूं नये. चारपांचशें रुपयांचा तारेचा मोठा कळफलक दोन हजारांच्या घडीच्या कळफलकाहून मराठीला अधिक उपकारक आहे. तो दिसावयास ओबडधोबड असतो, एवढेंच. आपल्या मोबाईलला ही जोडणी मानवते कीं नाहीं हें मात्र आधीं पाहावें. बहुतेकांना मानवते, सर्वांना नाहीं.

प्रवासांत नेण्यासाठीं बिनतारी हवाच असेल तर घडी नसलेला, पातळ, पण उजवी कड शाबूत असलेला घ्यावा. तो पिशवींत मावतो, खिशांत मावत नाहीं. पण खिशांत कळफलक घालून जावें असा प्रसंग आपल्यापैकीं कितींवर येतो? मीं पुढें असाच एक घेतला. बिनतारी जोडणीला ब्लूटूथ म्हणतात. दहाव्या शतकांत डेन्मार्कमध्यें हॅराल्ड ब्लूटूथ नांवाचा राजा होऊन गेला. त्यानें विखुरलेल्या टोळ्या एक केल्या, म्हणून निरनिराळीं यंत्रें एकमेकांशीं जोडणाऱ्या या युक्तीला त्याचें नांव दिलें, असें सांगतात. राजाच्या राज्यांतहि बंडाळी होत असेल. माझा कळफलक कधीं कधीं मध्येंच मोबाईलला ओळखीनासा होतो आणि पुन्हां ओळख करून द्यावी लागते. आंत भरण्याच्या बॅटरीचा घ्यावा कीं साध्या सेलचा, याविषयीं नातवाचें आणि माझें एकमत नाहीं. उन्हाळ्यांत आमच्याकडे वीज कधीं जाईल याचा नेम नसतो. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतात, म्हणून मी सेलच्या बाजूचा आहें.

कळांवर मराठी अक्षरें छापलेला कळफलक क्वचितच मिळतो. चिकटवावयाचीं अक्षरें मिळतात; पहिले कांहीं आठवडे तीं लावावीं, नंतर काढून टाकावीं. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर बारीकसा उंचवटा असतो, तो बोटांना लागला कीं हात जागेवर आले हें न पाहतां कळतें. माझ्यासारख्याला, ज्याचे डोळे वहीवर हवेत, सर्वांत मोठा लाभ हाच. आणि लिहावयाचें तें युनिकोडमध्येंच लिहावें. जुन्या छपाईच्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडला कीं त्याचा भलताच चिखल दिसतो. वह्यांतल्या शिसाची जी गत झाली तीच दुसऱ्या रीतीनें ओढवून घेण्यांत अर्थ नाहीं.

सध्यां आमचा क्रम असा आहे. दुपारीं चहा झाल्यावर पत्नी खिडकीशीं भिंग घेऊन बसते आणि वही वाचते, मी मोबाईल पुस्तकाला टेंकून उभा करतों आणि कळा दाबतों. पहिल्या दोन वह्या पुऱ्या झाल्या. परवां तिसरींत एका शब्दापाशीं अडलों. तेथें पेन्सिल अगदींच पुसली आहे. मला तो ‘पाळना’ वाटला, तिला ‘पाव्हना’. आईजवळ बसून दळण दळलें तें हिनें, मीं नव्हे. म्हणून मीं ‘पाव्हना’ लिहिला. कोणींहि तो सुधारला नाहीं. तिसऱ्या वहीचीं अजून एकोणीस पानें आहेत, आणि मग चौथी.